‘काऊन’ पुसू नका : शिक्षणाधिकारी साहेबांना खुले पत्र

प्रति,
माननीय शिक्षणाधिकारी (प्राथमिक),
जिल्हा परिषद.

विषय : वर्गात मुलांनी प्रश्न विचारण्यावर बंधने आणणारे परिपत्रक मागे घेण्याबाबत.

महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी विदर्भातल्या एका लहान गावची शेतकरी बाई. बारावीपर्यंत शिकले. माझी मुलगी गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथीत आहे आणि शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. याच विषयाचा अर्ज मी आधी तालुक्याच्या कार्यालयात दिला होता. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. दीड महिना वाट पाहिली. त्या दीड महिन्यात आजूबाजूच्या तीन गावांतल्या आया भेटल्या आणि त्यांच्याही शाळेत हेच चाललंय असं त्यांनी सांगितलं. म्हणून आता सगळ्यांना वाचता येईल असं लिहिते आहे.

गावाचं, शाळेचं आणि आमच्या मॅडमचं नाव मी लिहीत नाही. मॅडमना आधीच एक लेखी खुलासा द्यावा लागला आहे. माझ्या पत्रामुळे त्यांना दुसरा द्यावा लागू नये.

आधी काय घडलं ते सांगते.

आमच्या शाळेची एक जुनी खोली निर्लेखित होऊन पाडली गेली. तिचं सागवानी दार तसंच पडून होतं. मॅडमनी ते दार व्हरांड्यात आडवं टांगलं, त्याला काळा रंग दिला आणि वरच्या फळीवर पांढऱ्या रंगानं मोठ्ठं लिहिलं : ‘काऊन?’ आपण बाहेरच्या भागातले असाल तर सांगते, आमच्या वऱ्हाडी बोलीत ‘का’ला, ‘कशामुळे’ला ‘काऊन’ म्हणतात. पोरगं बोलायला लागलं की आई-बाबाच्या पाठोपाठ त्याच्या तोंडी येणारा शब्द हाच.

दाराचा नियम साधा होता. ज्याला जो प्रश्न पडेल तो त्यानं खडूनं तिथं लिहायचा. घरच्या बोलीत लिहिला तरी चालेल. नाव लिहायचं तर लिहा, नाही तर नका लिहू. शनिवारी सकाळची शाळा असते, त्या दिवशी सगळ्यांनी मिळून एक प्रश्न निवडायचा आणि त्याच्या मागे लागायचं.

पहिल्याच आठवड्यात माझ्या मुलीनं लिहिलं, ‘पळसाले पानं तीनच काऊन?’ ही म्हण आपण सगळेच वापरतो. कुठंही जा, पळसाला पानं तीनच. पण ती खरी आहे का, हे कोण मोजायला जातं? मॅडम चाळीसेक पोरं घेऊन शाळेमागच्या धुऱ्यावर, म्हणजे शेताच्या बांधावर, गेल्या. प्रत्येकाला एकेक डहाळी घेऊन मोजायला सांगितलं. सगळीकडे तीन. एका पोराला दोनच सापडली, तेव्हा गलका झाला. मग त्याच देठावर तिसरं पान गळाल्याचा वण दिसला आणि गलका आणखी वाढला. तेवढ्यात दुसरीतल्या एका पोरीनं विचारलं, ही तीन पानं आहेत की एकाच पानाचे तीन तुकडे? मॅडम म्हणाल्या, मला आत्ता नक्की सांगता येत नाही, सोमवारी सांगते.

सोमवारी त्यांनी पुन्हा डहाळी आणली. पान जिथं फांदीला जोडलेलं असतं, त्या बेचक्यात एक बारीकसा कोंब असतो. तो कोंब त्या लांब देठाच्या बुडाशी आहे, तिन्ही पानांच्या वेगवेगळ्या बुडाशी नाही. म्हणजे पान एकच, आणि ते तीन भाग म्हणजे त्याच्या पर्णिका. माझी पोरगी त्या संध्याकाळी आमच्या वावरातल्या पळसाजवळ उभी राहून मला म्हणाली, “आई, पाय, हे तीन पानं नाही, हे एकच पान हाय.” साहेब, मी लहानपणापासून पळसाच्या पानांच्या पत्रावळ्या लावत आले. हजारो पानं या हातातून गेली असतील. तो कोंब मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

गेल्या डिसेंबरात शाळेत तपासणीचं पथक आलं. त्या दिवशी खिचडी चाखायची पाळी माझी होती, म्हणून मी तिथंच होते. दारावर त्या दिवशी तीन प्रश्न होते. (पऱ्हाटी म्हणजे कपाशी.) ‘पऱ्हाटीचं फूल पयल्या दिवशी पांढरं, दुसऱ्या दिवशी गुलाबी काऊन होते?’ ‘रस्त्यानं चाललो तं चंद्र आपल्यासंग काऊन चालते?’ आणि तिसरा, ‘बैल बसला का तोंड काऊन हालवते?’ हा तिसरा प्रश्न लिहिणारं पोरगं एका सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीनं शेतावर राबणाऱ्या गड्याचं. बाप दरवर्षी वेगळ्या मालकाकडं राहतो, त्यामुळे तिसऱ्या वर्गापर्यंत पोराच्या तीन शाळा झाल्या.

पथकातल्या एका साहेबांनी दार वाचलं. हा काय प्रकार आहे, आणि हा शब्द मराठीत आहे का, असं त्यांनी मॅडमना सगळ्या पोरांसमोर विचारलं. मग ते पुसून तिथं सुविचार लिहायला सांगितलं. जवळ उभं होतं म्हणून त्याच सालदाराच्या पोराला ओलं फडकं दिलं. त्यानं आधी चंद्राचा प्रश्न पुसला, मग फुलाचा. स्वतःचा शेवटी पुसला. खडूचं पांढरट पाणी दारावरून ओघळून त्याच्या कोपरापर्यंत आलं. ते पुसायला त्यानं तेच फडकं वापरलं आणि वर्गात जाऊन बसलं.

भेटीच्या वहीत शेरा आला की शाळेत अध्यापनाबाहेरच्या गोष्टींवर वेळ जातो. जानेवारीत परिपत्रक आलं. प्रत्येक तासिकेचं मिनिटांचं वेळापत्रक ठरलं. धड्याशी संबंध नसलेली प्रश्नोत्तरं टाळायची. भिंतीवर ठरवून दिलेले तक्तेच लावायचे. मुलांना आवाराबाहेर न्यायचं तर तालुक्याची आगाऊ परवानगी घ्यायची. रोज सरावपत्रिका सोडवून तिचा फोटो पाठवायचा.

त्यानंतर पंधराएक दिवसांनी मी चुलीपुढं भाकरी करत होते. पोरगी येऊन शेजारी बसली. बराच वेळ नुसती जाळाकडं पाहत राहिली आणि मग म्हणाली, “आई, एक इचारू काय? तुहा येळ तं नाही ना जाणार?”

साहेब, हे वाक्य माझ्या घरात याआधी कधी कोणी बोललं नव्हतं. पत्र लिहायचं मी त्या रात्री ठरवलं.

आपली बाजू मला कळत नाही असं नाही. चौथीतल्या पोराला दुसरीचं पुस्तक धड वाचता येत नाही, अशी परिस्थिती आमच्याही गावात होती आणि थोडी अजून आहे. २०२१ पासून निपुण भारत ही सरकारी मोहीम सुरू आहे, तिसरीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं आणि साधं गणित यावं हे त्याचं उद्दिष्ट आहे, आणि त्याचा हिशोब आपल्याला वर द्यावा लागतो. वाचन आलंच पाहिजे. माझ्यासारख्या बाईइतकं हे कोणाला कळणार, जिच्या सासूला सातबाऱ्यावर अंगठा लावावा लागला? पण वाचन-लेखन एकीकडं आणि प्रश्न दुसरीकडं अशी वाटणी परिपत्रकात झाली आहे, ती चूक आहे. का चूक आहे ते मुद्द्यांनी सांगते.

पहिला मुद्दा : प्रश्नाला वेळेचा अपव्यय ठरवलं.

ते सालदाराचं पोरगं पाच महिने शाळेत येत होतं. फळ्यावरचं उतरवून घ्यायचं, पण स्वतःहून एक ओळ लिहीत नव्हतं. विचारलं तर मान खाली. बैलाचं वाक्य हे त्यानं आपल्या मनानं लिहिलेलं पहिलं वाक्य. त्यात ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका होत्या. ती ओळ लिहायला तो सकाळी सगळ्यांच्या आधी शाळेत आला होता, कारण लिहिताना कोणी पाहू नये असं त्याला वाटत होतं.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी हाच प्रश्न निवडला गेला होता. पोरं आमच्याच गोठ्यात आली होती. बैल बसून रवंथ करत होता. मॅडमनी सांगितलं की तो घाईघाईनं गिळलेला चारा पुन्हा तोंडात आणून बारीक चावतो, कारण त्याचं पोट चार कप्प्यांचं असतं. तिथं गोष्ट संपली असती. पण एका पोरानं विचारलं, एका घासाले किती डाव चावते? झालं, सगळी पोरं शेणातच उकिडवी बसली आणि मोजायला लागली. कोणी ४८ म्हणे, कोणी ५५. एकाचा आकडा मधेच चुकला, त्यानं पुढच्या घासापासून पुन्हा सुरू केलं. बैलानं घास गिळला की नरड्यावरून खाली जाणारा गोळा दिसतो आणि क्षणभरानं दुसरा वर येतो, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं. सोमवारी ते आकडे फळ्यावर लिहून सगळ्यात लहान, सगळ्यात मोठा, मधला कोणता हे काढलं. त्या सालदाराच्या पोरानं त्यावर पाच ओळी लिहिल्या.

हे अध्यापन नसेल तर अध्यापन कशाला म्हणायचं, ते मला आपण सांगावं. तपासणीनंतर त्यानं पुन्हा काही लिहिलेलं नाही. सरावपत्रिकेतल्या रिकाम्या जागा भरतो. त्याचा फोटो आपल्याकडं पोचतो.

हे मी भावनेच्या भरात सांगत नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ चा आहे आणि १ एप्रिल २०१० पासून लागू आहे. त्याचं कलम २९ आमच्या समितीच्या प्रशिक्षणात आम्हाला वाचून दाखवलं होतं. मुलांनी कृतीतून, शोधातून शिकावं, त्यांना भीती आणि ताण नसावा, आपली मतं मोकळेपणानं मांडायला त्यांना मदत व्हावी, हे त्यात आहे. पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर नागरिकांची मूलभूत कर्तव्यं छापलेली असतात. त्यात वैज्ञानिक दृष्टिकोन आणि जिज्ञासू वृत्ती बाळगणं हे कर्तव्य म्हणून दिलेलं आहे. पुस्तकात हे आणि शाळेत ते, अशी दोन शिक्षणं पोरांना नका देऊ.

दुसरा मुद्दा : घरच्या भाषेला चूक ठरवलं.

‘काऊन’ मराठीत आहे का, या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, तोंडातून शब्दच फुटला नाही. आज देते. संत गाडगेबाबा अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे. त्यांचं कीर्तन म्हणजे प्रश्नांची झड असायची. समोरच्या बाप्या-बायांना ते विचारत, लोक उत्तर देत, त्या उत्तरातून पुढचा प्रश्न निघत असे. देवाला बकरू काऊन कापता, कर्ज काढून लग्न काऊन करता, पोरगं शाळेत काऊन घालत नाही. हे सगळं याच वऱ्हाडी बोलीत. अमरावतीच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. ज्या बोलीत त्यांनी अख्ख्या महाराष्ट्राला विचार करायला लावलं, ती बोली आमच्या शाळेच्या व्हरांड्यात चालत नाही, हे मी पोरांना कोणत्या तोंडानं सांगू?

प्रमाण मराठी त्यांना यायलाच हवी. स्पर्धा परीक्षा, अर्ज, नोकरी, सगळीकडं तीच लागते. मॅडम ती शिकवतातच. दारावरचा प्रश्न शनिवारी वहीत उतरवताना पोरं तो प्रमाण भाषेत लिहायची. पण प्रश्न जेव्हा डोक्यात उगवतो तेव्हा तो घरच्या भाषेत उगवतो. त्या क्षणी भाषा दुरुस्त केली की पोराला वाटतं, चूक प्रश्नातच होती. सहा-सात वर्षांच्या लेकराला या दोन गोष्टी वेगळ्या करता येत नाहीत. शिक्षण शक्य तोवर मातृभाषेतून द्यावं, हेही त्याच कलम २९ मध्ये आहे.

तिसरा मुद्दा : फाटक बंद केलं.

तिसरी ते पाचवीला विषयाचं नावच परिसर अभ्यास आहे. आमचा परिसर म्हणजे काय? पऱ्हाटी, तूर, नाला, धुरे, पळस, गोठे. हे सगळं शाळेच्या तारेच्या पलीकडं आहे, शंभर पावलांवर. तिथं जायला तालुक्याची परवानगी, आणि ती यायला आठ दिवस. आठ दिवसांनी पऱ्हाटीचं ते पांढरं फूल गुलाबी होऊन गळून बोंड धरतं. पहिल्या पावसाच्या रात्री बेडूक ओरडायला लागतात, ते एवढे दिवस जमिनीत खोल दडून होते, हे पाहायचं तर त्या पहिल्या पावसातच पाहावं लागतं. उन्हामुळं आमच्या भागातल्या शाळा बाकी महाराष्ट्राच्या नंतर, जूनच्या अखेरीकडं उघडतात. पोरांच्या हाती पावसाचे तेवढेच सुरुवातीचे दिवस येतात.

वर्धा आमच्याच विदर्भात आहे. हातानं काम करत, आजूबाजूच्या जगातून शिकायचं, या नयी तालीमचा विचार १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याच्या परिषदेत देशापुढं आला. तो विचार आमच्या मातीत मांडला गेला आणि आमच्याच पोरांना धुऱ्यापर्यंत जाता येत नाही.

चौथा मुद्दा मॅडमचा. शाळेत पाच वर्ग, ४३ पोरं. साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत असं कायद्याच्या परिशिष्टात आहे. एक जागा गेल्या जूनपासून रिकामी. पोषण आहाराची रोजची ऑनलाइन माहिती, आधार जुळवणी, यू-डायस ही शाळेच्या माहितीची सरकारी नोंदणी, आज ही लिंक, उद्या ती. निवडणूक, जनगणना आणि आपत्तीच्या कामाला कायद्यानंच परवानगी दिली आहे, त्याबद्दल आमचं म्हणणं नाही. पण बाकीच्याचा भार एका माणसावर टाकून पोरांच्या प्रश्नांनाच ‘जादा काम’ म्हणणं बरोबर नाही. एवढ्यातून ही बाई दार रंगवते, तिला खुलासा मागितला जातो.

पाचवा मुद्दा थोडक्यात : समितीत तीन चतुर्थांश पालक असतात, त्यात निम्म्या बाया, हे कायद्यानंच ठरवलं. परिपत्रकाआधी आमच्यापैकी कोणालाही विचारलं नाही.

आता एक गोष्ट सांगते जी मुद्द्यात बसत नाही.

पोरांचे प्रश्न आम्हा मोठ्यांच्याही कामी आले. एका पोरानं लिहिलं होतं, ‘बीटीचं बियाणं हाय तं बोंडात अळी काऊन?’ २०१७ साली गुलाबी बोंडअळीनं विदर्भाची कपाशी खाल्ली, तेव्हा आमच्या तीन एकरांत वेचायला निम्माही कापूस राहिला नाही. कोणी बियाणं बनावट म्हणे, कोणी नशीब. मॅडमना उत्तर माहीत नव्हतं. त्यांनी पोरांसमोर तसं सांगितलं आणि एका शनिवारी कृषी सहायकांना बोलावून आणलं. ते पोरांसोबत सतरंजीवर बसले. म्हणाले, बीटी कपाशीच्या झाडातच अळीला मारणारं विष असतं, त्यातून मोजक्या अळ्या वाचतात. त्यांचे पतंग तशाच वाचलेल्या पतंगांशी जुळले की पुढची पिढी विष पचवणारीच निघते. शेताच्या कडेनं बिगरबीटीच्या ओळी लावल्या तर तिथं साध्या अळ्या जगतात, वाचलेल्यांची जोड त्यांच्याशी जमते आणि ती ताकद पातळ होत जाते. त्यासाठी बियाण्याच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळायची.

पोरगी हे सगळं घरी येऊन सांगत होती आणि तिचा बाप आणि मी एकमेकांकडं पाहत होतो. ती पुडी आम्हाला दरवर्षी मिळत होती. आम्ही ती कधी पेरली नाही. कोणीच पेरत नव्हतं. ती कशासाठी आहे, हे आम्ही कधी विचारलं नाही आणि आम्हाला कोणी सांगितलं नाही. आमच्या शाळेत आम्हाला विचारायची सवयच लावली नव्हती, साहेब. दुकानदार म्हणाला ते घेतलं, फवारा म्हणाला ते फवारलं. त्याच २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं मेली. डब्यावर काय लिहिलंय, हे विष अंगावर उडालं तर काय होतं, हे विचारणारं माणूस घरात असणं ही आमच्याकडं जिवाची गोष्ट आहे.

आणखी एक. एका सकाळी दारावर नाव न लिहिता एक प्रश्न आला होता. ‘माह्या मोठ्या बाबानं औषध काऊन पेलं?’ आमच्या भागात ‘औषध पिणं’ म्हणजे काय, हे आपल्याला माहीत आहे. मॅडमनी तो प्रश्न आपल्या वहीत उतरवून घेतला आणि बाकीची पोरं यायच्या आत दारावरून स्वतः पुसला. मधल्या सुट्टीत त्या त्या मुलाशेजारी जाऊन बसल्या, बराच वेळ. काय बोलल्या ते मला माहीत नाही. संध्याकाळी त्याच्या घरी गेल्या, त्याच्या आईला भेटल्या. दुसऱ्या दिवशी वर्गात, कोणाचंही नाव न घेता, मनात खूप भीती किंवा दुःख असलं तर कोणाकोणाला सांगता येतं, यावर पोरांना बोलतं केलं. ते लेकरू तो प्रश्न किती महिने पोटात घेऊन फिरत होतं, कोणास ठाऊक. दार नसतं तर अजून फिरत असतं.

सातपुड्यापलीकडं मध्य प्रदेशातल्या तेव्हाच्या होशंगाबाद जिल्ह्यात १९७२ साली विज्ञान शिकवण्याचा एक कार्यक्रम सरकारी शाळांत सुरू झाला होता, हे मॅडमनीच पालकसभेत सांगितलं. तिथली पोरं ‘सवालीराम’ या काल्पनिक माणसाला पत्रं लिहून प्रश्न विचारायची आणि त्यांना खरोखर उत्तरं जायची. तीस वर्षं चाललेला तो कार्यक्रम २००२ साली सरकारी आदेशानं बंद झाला. आमचं दार तर एकाच गावातलं, अजून एक वर्षाचंही झालं नव्हतं.

आमच्या समितीनं बैठक घेऊन ठराव केला आहे. त्यातल्या मागण्या अशा :

१. परिपत्रकातला धड्याबाहेरची प्रश्नोत्तरं टाळण्याचा मुद्दा लेखी मागे घ्यावा. मुलाच्या प्रश्नासाठी धडा थांबवायचा की नाही, हे वर्गात उभ्या असलेल्या शिक्षकाला ठरवू द्यावं. तपासणीत तो दोष धरू नये.

२. आठवड्यातून निदान एक तासिका मुलांच्या प्रश्नांसाठी वेळापत्रकातच ठेवावी. तिचा फोटो, लिंक, अहवाल काहीही मागू नये.

३. गावाच्या शिवेत मुलांना न्यायला मुख्याध्यापकांची नोंद आणि समितीची संमती पुरे धरावी. सोबत दोन पालक येतील, त्याची जबाबदारी आम्ही घेतो.

४. प्रश्न विचारताना मुलानं घरची बोली वापरली म्हणून त्याला टोकू नये, अशी सूचना तपासणी पथकांनाही द्यावी. यात वऱ्हाडी आली, तशीच गोंडी आणि कोलामीही आली.

५. रिकामी जागा भरावी.

६. मॅडमच्या सेवापुस्तकात किंवा गोपनीय अहवालात या प्रकरणाची नोंद होऊ नये.

७. यापुढं तपासणीला येणाऱ्यांनी वह्या आणि नोंदी पाहाव्यात, पण त्याआधी पंधरा मिनिटं पोरांमध्ये बसून त्यांना काय काय प्रश्न पडतात ते ऐकावं. समोरचा मोठा माणूस रागावणार नाही याची खात्री पटायला पोरांना तेवढा वेळ लागतो.

तपासणीला आलेल्या त्या साहेबांबद्दल माझ्या मनात राग नाही. त्यांनाही दिवसाकाठी चार-पाच शाळा उरकायच्या असतील. फक्त एक कळवते, शक्य असेल तर त्यांच्यापर्यंत पोचवा. त्यांनी ज्याच्या हाती फडकं दिलं, त्याचा बाप पाडव्याला बहुतेक मालक बदलेल. पोरगं तेव्हा चौथ्या शाळेत जाईल. त्याआधी त्यानं आमच्या शाळेत एकदा तरी दारावर लिहावं, अशी माझी फार इच्छा आहे.

दार सध्या माझ्या घरी, गोठ्याच्या भिंतीला टेकवून ठेवलं आहे. वरची अक्षरं रंगाची असल्यानं पुसली गेली नाहीत. आपलं पत्र आलं की आम्ही ते बैलबंडीत घालून शाळेत नेऊ. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही तर हा ठराव ग्रामसभेत ठेवू आणि शेजारच्या तीन गावांतल्या समित्याही तसंच करतील, असं त्यांनी कळवलं आहे. आपण स्वतः आलात तर जास्त चांगलं. शनिवारी या, सकाळी शाळा भरायच्या वेळी.

आपली विश्वासू,
चौथीतल्या एका मुलीची आई,
अध्यक्ष, शाळा व्यवस्थापन समिती